पाय उचलणारा शब्द

विधानसभेत गोंधळ हाताबाहेर गेला, की अध्यक्ष मार्शलना बोलावतात. ती रुबाबदार माणसं टीव्हीवर दिसली, की माझ्या नाकाशी तबेल्याचा वास येतो. त्यांचा अवमान करायचा नाही मला. दोष असलाच तर शब्दाचा आहे.

जुन्या जर्मन बोलीत 'मराह' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे चाकर. दोन्ही मिळून झाला आपला मोतद्दार. हा मोतद्दार फ्रेंचांच्या तोंडून मार्शल होऊन इंग्लंडात उतरला आणि त्याला दोन वाटा फुटल्या. एक राजाच्या पागेतून दरबारात, दरबारातून सैन्यात गेली. दुसरी पागेच्या दाराशीच ऐरण मांडून बसली. मध्ययुगीन इंग्रजीत नाल ठोकणारा, घोड्यांची दुखणीखुपणी बघणारा माणूसही मार्शलच. १३५६ साली लंडनच्या महापौरांकडे अडाणी नालबंदांच्या तक्रारी आल्या आणि या कारागिरांचा संघ बांधला गेला. तो संघ मार्शलांचा होता!

त्याच कामाला आणखी एक शब्द होता, 'फेरर'. लॅटिनमधल्या लोखंडाच्या, 'फेरुम'च्या कुळातला. त्याचाच पुढे 'फॅरिअर' झाला. मार्शलला जसजशी पदं मिळत गेली, तसतशी भट्टी फॅरिअरच्या वाट्याला आली. १६७४ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने लंडनच्या त्या संघाला सनद दिली, ती फॅरिअरांचा संघ म्हणून. फ्रेंचांनी मात्र जुनं नातं तोडलं नाही. त्यांचा सेनानी 'मारेशाल' आणि नालबंद 'मारेशाल-फेरां'.

काम मोठं नाजूक. घोड्याचा पाय उचलून मांडीवर घ्यायचा, जुनी नाल उपटायची, वाढलेलं खूर आपल्या नखासारखं तासायचं. तापलेली नाल टेकवली, की चर्र आवाज होतो, जळक्या शिंगाचा वास आणि धूर उठतो. घोडा मात्र शांत, कारण बाहेरचं खूर निर्जीव. आतलं जिवंत. खिळ्याचं टोक एका बाजूने तिरकं घडवलेलं असतं, म्हणजे तो आत न शिरता बाहेर वळतो. हात चुकला, तर घोडा लंगडतो. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तेच.

आपला नालबंदही असाच जोडशब्द. अरबी 'नाल', फारसी 'बंद'. तो आडनावात जाऊन बसला, हुद्द्यावर काही चढला नाही. मार्शल चढला. इतका, की घोडा कधी सुटला हे त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

पण सभागृहात कधी चौघे मार्शल पुढे होतात आणि एका सन्माननीय सदस्याला हातापायांना धरून उचलतात. सदस्य पाय झाडतात. मार्शल पाय सोडत नाहीत. साडेसहाशे वर्षांची ती पकड बघून मला बरं वाटतं.