पाठीमागचा डोळा

वय झाले की माणसाला मागचे फार आठवते, पण मागे वळून पाहता मात्र येत नाही. आम्ही उभयता सत्तरी ओलांडलेले. मानेच्या मणक्यांनी कधीचीच रजा मागितली आहे. मुले पुण्याला आणि त्याहून दूर. भाजी, बँक, दवाखाना, वाचनालय यांसाठी गाडी आम्हांलाच चालवावी लागते, आणि इंदूरच्या जुन्या वस्तीतील आमच्या बोळात ती वळत नाही. मागे घेतच बाहेर काढावी लागते. त्यामुळे क्रमांकाच्या पाटीवर बसवलेला सुपारीएवढा कॅमेरा ही आमच्या लेखी चैन नव्हे, गरज आहे. गेल्या काही वर्षांत त्याची जी नाना दुखणी आम्ही पाहिली, त्यांचा हा जमाखर्च.

कल्पना तशी जुनी. १९५६ साली ब्यूइक कंपनीने प्रदर्शनासाठी केलेल्या सेंच्युरियन गाडीत मागच्या आरशाऐवजी दूरचित्रवाणीचा कॅमेरा होता. विक्रीच्या गाडीत असा कॅमेरा १९९१ मध्ये जपानात, टोयोटाच्या सोअररमध्ये आला. त्याला सक्तीचे रूप मिळाले ते मात्र एका दुःखातून. अमेरिकेत २००२ साली दोन वर्षांचे एक मूल घरासमोरच, वडील मागे घेत असलेल्या गाडीखाली सापडले. त्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला आणि मे २०१८ पासून तेथील नव्या मोटारींत कॅमेरा अनिवार्य ठरला. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर बंधनकारक झाले. ज्यांच्या गाड्या त्याआधीच्या, ते आमच्यासारखे बाजारातून कॅमेरा बसवून घेतात.

अशा कॅमेऱ्याची रचना एकदा समजून घेतली की निम्मे निदान घरीच होते. रिव्हर्स गिअर पडला की मागचा पांढरा दिवा लागतो. त्याच्याच तारेतून कॅमेऱ्याला बारा व्होल्टची वीज मिळते. चित्र पिवळ्या टोकाच्या केबलमधून पुढच्या पडद्याकडे जाते. आणि एक बारीक तार पडद्याला सांगते, 'गाणी पुरे, आता मागचे दाखव.' वीज, चित्र आणि निरोप अशा या तीन वाटा. कोणती तुटली, हे पडदाच सांगतो.

पडदा मुळीच बदलत नसेल, गाणे चालूच राहिले असेल, तर निरोप पोचलेला नाही. अशा वेळी प्रथम कोणाला तरी मागे पाठवून पांढरा दिवा लागतो का, ते पाहावे. नुसता बल्ब उडाला असेल तर कॅमेऱ्याचे काही अडत नाही. पण फ्यूज किंवा गिअरबॉक्सवरचा स्विच गेला असेल तर दिवा, निरोप आणि वीज तिन्ही एकदम जातात. उलट, पडदा बदलला पण निळा वा काळा राहिला, तर निरोप आला आणि चित्र वाटेत हरवले असे समजावे. आमच्या बाबतीत हेच घडले. एका दुकानदाराने गाडीकडे न पाहताच "कैमरा ही बदल दो, बाबूजी" असा निकाल दिला. शेजारच्या बोळातल्या वृद्ध वायरमनने मात्र डिकी चार वेळा उघडली, चार वेळा मिटली आणि पडद्याकडे पाहिले. चित्र क्षणभर येऊन जात होते. बिजागरीजवळच्या रबरी नळीत, जेथे तारा प्रत्येक उघडझापीला दुमडतात, तेथे एक तार आतल्या आत तुटली होती. कॅमेरा धडधाकट होता. चित्र थरथरत असेल, त्यावर पट्टे धावत असतील, तर बहुधा अर्थिंग सैल असते किंवा केबल विजेच्या जाड तारेला चिकटून नेलेली असते. काही नव्या गाड्यांत दिव्याची वीजच तुटक तुटक येते. तेथे मध्ये छोटा फिल्टर किंवा रिले बसवावा लागतो.

येथवरचे सारे बिघाड प्रामाणिक आहेत. पडदा काळा पडला की माणूस सावध होतो, उतरतो, कोणाला तरी हाक मारतो. आम्हांला खरी धास्ती वाटते ती चालू असून खोटे दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची.

पावसाळ्यात भिंगाच्या आत वाफ धरते. दुपारच्या उन्हात ती विरते आणि पहाटे पुन्हा येते. म्हणजे आतले सील गेले, आणि तेथे पुसण्याचा उपयोग नाही, कॅमेराच बदलावा लागतो. आमच्याकडे रंगपंचमीच्या गेरीनंतर तर भिंगावर गुलालाचा थर बसतो आणि सगळा बोळ गुलाबी दिसतो. तो कोरड्या फडक्याने घासू नये, चरे पडतात. आधी पाणी सोडावे, मग मऊ ओल्या कापडाने टिपावे. धुलाईच्या यंत्राचा फवारा अगदी जवळून भिंगावर मारू नये, सील त्यानेही जाते.

त्याहून वाईट म्हणजे उजवे-डावे उलटलेले चित्र. मागचा कॅमेरा आरशाप्रमाणे दाखवतो: गाडीच्या उजवीकडचे पडद्यावरही उजवीकडे. पुढच्या बाजूसाठी केलेला कॅमेरा चुकून मागे बसवला, की उजवीकडचे मूल डावीकडे दिसते आणि चालक त्याला टाळण्यासाठी त्याच्याच अंगावर जातो. काही कॅमेऱ्यांत तारेचे एक छोटे वेटोळे कापून हे पालटता येते. कसोटी सोपी आहे. कोणीतरी उजव्या दिव्यापाशी उभे राहून हात वर करावा आणि तो पडद्यावर कोठे दिसतो, ते पाहावे. हिरव्या-पिवळ्या-तांबड्या रेषांचीही अशीच परीक्षा घ्यावी. रुंद भिंगातून वस्तू आहे त्याहून लांब भासते. त्यातून कॅमेरा थोडा जरी कलला, तरी रेषा भलतेच अंतर सांगू लागतात. आम्ही बंपरपासून एक आणि दोन मीटरवर विटा ठेवल्या आणि कोणती वीट कोणत्या रेषेवर येते, ते टिपून ठेवले. दर दिवाळीला, गाडी धुतल्यावर, हीच मोजणी पुन्हा करतो.

एवढे करूनही एक उणीव उरते, आणि तिच्यावर कोणत्याही वायरमनकडे इलाज नाही. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे गाडीमागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा पडद्यावर दिसली पाहिजे. आमच्या बोळाची रुंदीही तेवढी नाही. पण दोन्ही बाजूंना ओटे आहेत, आणि ओट्यांवरून चेंडूमागे उडी मारणारी मुले आहेत. उडी मारण्यापूर्वी ती कॅमेऱ्याला दिसत नाहीत. म्हणून आम्ही आधी गाडीभोवती एक फेरी मारतो, ओट्यावर कोण बसले आहे ते पाहतो, मुलांना नावाने हाक मारतो. मग काच खाली करून, रेडिओ बंद ठेवून, गाडी हळूहळू मागे घेतो. शेजाऱ्यांना हा म्हाताऱ्यांचा सोपस्कार वाटतो. वाटेना का.