दशहरीची वाईन

लखनौहून हरदोईच्या रस्त्याला लागलं की मलिहाबाद यायच्या आधीच जूनचा वास गाडीत शिरतो. पिकलेल्या दशहरी आंब्याचा आणि त्यातच झाडाखाली पडून फुटलेल्या, दुपारच्या उन्हात आंबू लागलेल्या फळांचा. तो वास आला की मला नाशिकजवळची दिंडोरी आठवते. तिथल्या वाईनरीच्या अंगणात खुडीच्या दिवसांत असाच आंबूस गोडवा भरून असतो.

लखनौच्या शायरीत मद्य अखंड वाहिलं, पण या मातीत वाईनच्या द्राक्षांचे मळे कधी फुलले नाहीत. गझलेतला प्याला फारसीतून आला आणि हातातला गल्लीतल्या गुत्त्यातून. डिसेंबर १९५५ च्या कडाक्याच्या थंडीत शायर मजाज लालबागेतल्या गुत्त्याच्या गच्चीवर रात्रभर पडून राहिला आणि त्यातच गेला. अवघा ४४ वर्षांचा होता. मद्याचं कौतुक लिहायला बसले की ती गच्ची आधी समोर येते, आणि यावीच.

पण मला ओढ आहे ती फळाचा मान राखणाऱ्या पेयाची. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात फेसाळत्या वाईनचं धाडस केलं, २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, आणि खायच्या द्राक्षांसाठी नावाजलेल्या नाशिकमध्ये शिराझ, शेनिन ब्लांक रुजली. गोव्याने काजूच्या बोंडाची फेणी केली. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. दशहरीलाही ते मानांकन आहे. प्याला मात्र नाही.

काकोरीजवळच्या रहमानखेड्यात १९७२ मध्ये आंबा संशोधन केंद्र सुरू झालं, पुढे त्याची मोठी संस्था झाली. तिथे आंब्याच्या वाईनचे प्रयोग झालेले आहेत. काम सोपं नाही. द्राक्ष चिरडताच रस सोडतं; आंब्याचा गर दाट, पेक्टिनने बांधलेला. आधी विकरं घालून तो मोकळा करायचा, मग यीस्ट घालायचं, आणि गढूळपणा खाली बसेपर्यंत धीर धरायचा. धीर धरायला लखनौला कुणी शिकवायला नको!

बाग मात्र थांबत नाही. दशहरी एकदम पिकते, बाजारात एकदम येते आणि भाव कोसळतो. कित्येक बागा तर मोहोरातच ठेकेदाराला विकलेल्या असतात. नाशिकच्या जाणत्या वाईनवाल्यांनी एकदा जूनमध्ये मलिहाबादला यावं, आणि इथल्या बागवानांना भागीदार करून पहिली टाकी इथेच बसवावी.