लखपतचा कोट आणि दूरचा हिमालय

कच्छच्या वायव्य टोकाला लखपतचा कोट उभा आहे. 1801 मध्ये जमादार फतेह महंमदाने उभारलेली सुमारे सात किलोमीटरची तटबंदी आजही बव्हंशी शाबूत आहे. आत मात्र मोजकीच घरे, दर्गे, एक गुरुद्वारा आणि पडक्या वाड्यांच्या ओळी उरल्या आहेत. एके काळी येथे सिंधच्या मालाची उलाढाल चाले. आज तटावरून दिसतो तो निःशब्द क्षारपट.

हे बंदर शत्रूने लुटले नाही. वरच्या बाजूस सिंधमध्ये घातलेल्या बांधांमुळे सिंधूच्या या फाट्याचे पाणी आधीच आटत आले होते. त्यातच 16 जून 1819 रोजी भूकंप झाला. रणातील जमीन कित्येक फूट उचलली जाऊन सुमारे 80 किलोमीटर लांबीचा उंचवटा निर्माण झाला. त्याच्या दक्षिणेची भूमी खचली आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला. मानवाने न बांधलेला म्हणून लोकांनी या उंचवट्यास ‘अल्लाबंद’ म्हटले. लखपतचा व्यापार पुन्हा सावरला नाही.

या आघाताचे मूळ हजार किलोमीटरहून दूर, हिमालयात सापडते. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला भिडला आणि आजही तो वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. हा सगळा रेटा पर्वत उंचावण्यात खर्ची पडत नाही. त्याचा काही अंश कठीण खडकातून भूखंडाच्या अंतर्भागापर्यंत पोहोचतो आणि जेथे जुनी भेग असेल तेथे प्रकटतो. डायनासोरांच्या काळात कच्छची भूमी ताणली जाऊन फाटली होती. भेगांवरून खडकांचे मोठे खंड खाली घसरले होते. आता त्याच भेगा दाबल्या जात आहेत आणि एकदा खचलेले खंड वर ढकलले जात आहेत. कच्छमधील पूर्व-पश्चिम डोंगररांगा या दाबाचीच साक्ष देतात.

26 जानेवारी 2001 च्या सकाळी भचाऊ परिसर हादरला, तोही याच दाबामुळे. सहस्रावधी माणसे दगावली. भद्रेश्वरच्या प्राचीन जिनालयाचीही मोठी हानी झाली. पुढे ते नव्याने उभारले गेले.

कच्छमध्ये वडिलोपार्जित घर राखणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. दगड-मातीच्या सुट्या भिंती प्रथम कोसळतात. जोते, चौकटीचा माथा आणि छप्पर या पातळ्यांवर काँक्रीटचे अखंड पट्टे घातलेली भिंत एकसंध राहते. भूगर्भातील भेग बुजवणे मनुष्याच्या हाती नाही. भिंत बांधणे आहे.