उकंडा

दोस्तहो, या अंकाला कविता मागितली होती. पाठवतोय खताबद्दल. कविता पुढल्या अंकाला.

राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. खाली गोदाकाठाकडं काळी रेगूर, माणूस पुरला तरी तळ लागू नये अशी. वर बालाघाटाच्या अंगाला बरड, मुरमाड, वीतभर उकरलं की दगड. कोणी कोणत्या बाजूला राहायचं हे जसं गावानं ठरवलं, तसं कोणी कोणती माती कसायची हेही ठरवलं. आम्हाला तर बरडसुद्धा कोणी दिलं नाही. आज्यानं ते घेतलं. गायरान, दीड एकर.

त्यातलं आणि घरामागच्या दोन वाफ्यांतलं एक पीक म्हणजे अंबाडी. भाजीला पाला, दोराला वाख. आजा गावाचे दोर वळायचा. कासरा, दावं, मोरखी, नाडा. सगळ्या गावाची ढोरं आमच्या दोरानं बांधलेली आणि आमच्या दारात एकही ढोर नाही. हे लहानपणी विचित्र वाटायचं नाही. आता वाटतं.

अंबाडीचं पान बोटाबोटांचं, गांजासारखं. लिनियसनं तिला नावच तसं दिलं, हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी. एकदा एक खाकीवाला वाफ्यापाशी थांबला. ‘‘काय लावलंय गं हे?’’ मायनं मूठभर पाला खुडून त्याच्या पुढं धरला, ‘‘चावून बघा, आंबट लागतंय का नाही.’’ त्यानं चावला नाही. गेला. गांजाचं एक झाड घरामागं लावलं तरी १९८५ च्या कायद्यानं गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. अंबाडीला असला कायदा नाही. तिला फक्त भूक आहे, आणि मला त्या भुकेबद्दलच बोलायचंय.

माती खाते. पिकानं नेलं ते परत टाकलं नाही तर माती उपाशी पडते. आपल्या मराठवाड्याच्या मातीत पालाश बहुतेक ठिकाणी पुरेसं असतं, चुना तर जास्तच. नत्र कमी, स्फुरद कमी, सेंद्रिय कर्ब कमी, बऱ्याच ठिकाणी जस्त आणि लोहही कमी. काळी माती चिकण असते, दिलेलं धरून ठेवते. मुरमाड धरत नाही. वरून पाऊस आला की युरिया खाली निघून जातो, आपला पगार जातो तसा. म्हणून बरडावर युरिया द्यायचाच तर चिमूट-चिमूट, दोन-तीन वेळा, ओल असताना.

हिशेब करू. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीत वीस किलोच्या वर नत्र. शंभर किलो कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा किलो. म्हणजे एका गोणीइतक्या नत्राला चार टन शेणखत. पण गोणी नुसतं नत्र देते. शेणखत पाणी धरायला शिकवतं, मुरमाला माती बनवतं. गोणी विकत मिळते. चार टन शेण कोणाच्या गोठ्यातून आणणार?

गंगाखेडची जनाबाई आठवा. तिच्या गोवऱ्यांतून विठ्ठल ऐकू यायचा म्हणतात. मला दुसरंच ऐकू येतं. ज्या बाईच्या दारात गाय नाही ती दुसऱ्याच्या गाईमागं टोपलं घेऊन हिंडते, आणि वेचलेलं शेण चुलीत जातं. चुलीत नत्र जळून जातं. राख उरते, पण चुन्यानं भरलेल्या जमिनीला राखेचं काय अप्रूप.

आणि हाडं. हाडांच्या चुऱ्यात शेकडा वीसच्या वर स्फुरद. मेलेलं ढोर महारवाड्यानं ओढायचं, हाडं जायची दुसऱ्याच्या रानात. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी केसरीतल्या अशाच एका हिशेबाची गोष्ट सांगितली होती. ढोरं ओढणं सोडलं तर शिंगं, खुरं, हाडं यांचे वर्षाला इतके रुपये बुडतील, असा तो हिशेब. बाबासाहेबांचं म्हणणं होतं, मग फायदा तुम्हीच घ्या, ओढा. कोणी आलं नाही. मैल्याला सोनखत म्हणणारी हीच भाषा. सोनं रानाला, डोक्यावरची पाटी आपल्याला.

१९१८ साली बाबासाहेबांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. रान पुरतं की नाही हे नुसत्या एकरावर ठरत नाही, त्यावर लावायला भांडवल आणि अवजारं किती यावर ठरतं, असा त्यातला मुद्दा. उपाय सांगितला उद्योगधंद्यांचा. मी उद्योगात गेलो. जिनिंग मिलमध्ये लागलो, हंगामी. (उद्योग म्हणजे हे असेल असं त्यांना वाटलं नसावं.)

पण तिथं मला खत सापडलं. कापसाचा कचरा, बोंडांची टरफलं, पानांचा चुरा, ढिगानं पडलेला. तीच धूळ आठ तास नाकातोंडात जाते. मुकादमाला विचारून पोती भरली.

हा कचरा तसाच वाफ्यात टाकू नका. त्यात कर्ब भरपूर, नत्र थोडं. कुजवणारे जंतू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. शिवाय बोंडअळी त्यात लपून येते. म्हणून उकंडा नीट घालायचा. वीतभर कचरा, त्यावर शेणकाला, त्यावर मूठभर माती, पुन्हा कचरा. थोडा युरिया चालतो. मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. चार दिवसांत आत हात ठेववत नाही इतका तापतो. पंधरा-वीस दिवसांनी उलथायचा. तीन-चार महिन्यांत काळा, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास.

पान वाचायलाही शिका. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. दोन्हीला युरिया मारणारे पुष्कळ पाहिलेत.

माती तपासायला परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकाही मिळते. पण पत्रिकेवर गट नंबर लागतो, आणि आमचा सातबारा नाही. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानं नियमित करायची होती. ज्यांनी त्याआधीचा पुरावा दाखवला त्यांची झाली. आज्याकडं पुरावा म्हणजे हाताचे घट्टे. २०२२ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानं राज्यभर गायरान हटवायची भाषा सुरू झाली तेव्हा बाप चार रात्री झोपला नाही.

तेव्हापासून घरात भांडण आहे. बाप म्हणतो, ‘‘खत घरामागं टाका. गायरानात टाकलेलं खत नोटीस आल्यावर पोत्यात भरून आणता येत नाही.’’ खरं आहे. माय म्हणते, ‘‘कसलंच नाही तर पडीक म्हणून आधी काढून घेतील.’’ हेही खरं आहे.

यंदा बारा पोती खत निघालं. चार घरामागं गेली, आठ गायरानात. बाप दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फावडं घेऊन खत मातीत मिसळायला तोच सकाळी आधी गेला.