बोहारणीच्या आधी

बोहारीण दारात आली की आमच्या घरात दोन पक्ष पडत. आई स्टीलच्या पातेल्याच्या बाजूची, आजी जुन्या कपड्यांच्या. बोहारीण डोक्यावरची पाटी ओट्यावर टेकवायची, आमचा गठ्ठा सोडायची आणि एकेक कपडा उजेडात धरून बघायची. मग ठरलेलं वाक्य यायचं, "वहिनी, एवढ्यात वाटीसुद्धा बसत नाही. अजून एक पँट टाका." आई पँट शोधायला आत वळली की आजी गठ्ठ्यातलं एखादं सुती लुगडं हळूच ओढून मांडीखाली सारायची. बोहारणीला ते दिसायचं, पण ती काही बोलायची नाही. तिला पँट-शर्ट आणि जर हवी असायची. विरलेल्या सुती लुगड्याला ती नाक मुरडायची आणि आजीला नेमकं तेच हवं असायचं.

बोहारणीची खरी तक्रार वेगळीच होती. "आजी, या शर्टाला एक बटण नाही हो! असला शर्ट कोण घेईल?" बटणं आजीने आदल्या रात्रीच काढून ठेवलेली असायची. हुक, आकडे, चेन, ब्लाउजची लेस, साडीचे काठ, जे जे निघण्यासारखं ते ते निघालेलं. बोहारणीच्या हाती जायचा तो कपड्याचा सांगाडा.

ही गोष्ट 1975 च्या आसपासची, कर्वेनगरातली. जुनी माणसं तेव्हाही 'हिंगणे' म्हणायची. कॅनॉलच्या कडेने शेतं, वनदेवीचं देऊळ, अधूनमधून बैठी घरं, सोसायट्यांचे आखलेले प्लॉट आणि कर्व्यांची संस्था, एवढाच पसारा. पेठांत जायचं म्हणजे 'गावात' जायचं. बस वेळेवर येईल तर नशीब. त्यामुळे तुळशीबागेतली लेस किंवा रविवार पेठेतली बटणं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मिळायची. मधल्या काळात काही शिवायचं झालं तर घरात असेल त्यावरच भागवायचं. आमच्या पिढीने हातांनी जे काही केलं, त्याची सुरुवात अशी 'घरात काय आहे' या प्रश्नापासून व्हायची.

साडीचंच बघा. नवी साडी दोन वर्षं लग्नामुंजीला, मग हळदीकुंकवाला, मग बाजारात जाताना. काठ विटले की घरात नेसायची. मध्यावर विरली की आई ती उभी फाडायची, विरलेला भाग काढून टाकायची आणि दोन्ही बाजूंचे चांगले भाग जोडून पुन्हा नेसायची. याला आमच्याकडे दांड भरणं म्हणत. दांडही विरला की परकर, पडदा किंवा उशीचे अभ्रे. त्यानंतर गोधडी, बाळाचं दुपटं, मग गाळणं, आणि शेवटी फरशी पुसायचं फडकं. हा प्रवास बारा-पंधरा वर्षं चालायचा. एखादं फडकं बादलीत बुडवताना आई मध्येच थांबून म्हणायची, "ही माझी मंगळागौरीची."

गोधडीचा हिशेब तर आजी बोटांवर करायची. नऊ वार म्हणजे 27 फूट. त्याचे चार भाग केले की पावणेसात फुटांचे चार थर. पन्हा सव्वा वाराचा, म्हणजे 45 इंच. एका माणसाची पातळ गोधडी एका लुगड्यात बसते, तीही उन्हाळ्यात अंगावर आणि पावसाळ्यात अंगाखाली. थंडीसाठी मधे जुन्या चादरीचा तुकडा घालायचा. ती दुपारी पुढच्या खोलीत थर अंथरायची आणि चार कोपऱ्यांवर चार जड वस्तू ठेवायची. पाट, वरवंटा, अडकित्त्याचं तबक आणि आम्हा भावंडांपैकी जो सापडेल तो. कडेपासून धावदोरा सुरू व्हायचा, चौकोनात चौकोन करत मध्याकडे यायचा. बोटात अंगुस्तान घालायची तिला सवय नव्हती, म्हणून तर्जनीचं टोक कायम टोचून खरखरीत झालेलं. ती गालावरून हात फिरवायची तेव्हा ते जाणवायचं. टाका सरळ आला की नाही हे ती गोधडी उलटी करून बघायची. सुलट बाजू कुणीही नीट ठेवतं, असं तिचं म्हणणं.

तुमच्याही घरी शर्टाची कॉलर उलटी करायचे ना? वडिलांच्या ऑफिसच्या शर्टाची कॉलर घडीवर झिजायची, बाकी शर्ट धडधाकट. मग ब्लेडने टीप उसवून कॉलर सोडवायची, उलटी करायची आणि पुन्हा त्याच टिपेवर बसवायची. झिजलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. शर्टाला आणखी दोन वर्षांचं आयुष्य. शाळेच्या स्कर्टला खाली चार बोटं दुमड ठेवलेली असायची. ती दर जूनमध्ये थोडी सोडायची. जुन्या दुमडीची गडद रेघ मात्र राहायची, त्यामुळे कोणती मुलगी किती वर्षांत किती वाढली हे वर्गात सगळ्यांना मोजता यायचं. लहान झालेला स्वेटर उसवायचा, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळायची, उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून तिच्या सुरकुत्या काढायच्या आणि दुसऱ्या रंगाचा एक गुंडा घालून पट्ट्यापट्ट्यांचा नवा स्वेटर विणायचा. त्या पट्ट्यांची फॅशन लोकर कमी पडल्यामुळे निघाली होती.

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहायच्या. लहानपणी विधवा झालेल्या आणि आश्रमात शिकलेल्या. आम्ही त्यांनाही आजीच म्हणायचो. कर्वेनगर हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली आणि 1900 मध्ये ती पुण्याच्या वस्तीबाहेर इथल्या माळावर एका झोपडीत आणली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते रोज पायी हिंगण्याला यायचे. ती झोपडी संस्थेच्या आवारात अजून जपून ठेवली आहे. पुढे 1916 मध्ये महिला विद्यापीठही इथेच सुरू झालं. त्याआधी 1909 मध्ये रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यात बायकांसाठी शिवणाचे वर्ग चालवायला घेतले होते. आम्ही मुली पुस्तकातल्या धड्याप्रमाणे हे पाठ करायचो. शेजारच्या आजींनी ते एका वाक्यात सांगितलं. मी शिवणाच्या तासाला कंटाळते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "कंटाळ हो, पण शिकून ठेव. शिवता येणाऱ्या बाईला दिराच्या दारात उभं राहावं लागत नाही."

आमच्या घरी सुई पैसे वाचवायची, त्यांच्या आयुष्यात तिने पैसे मिळवून दिले होते. हा फरक मला फार उशिरा कळला.

आईला तो आधीच कळला असावा. तिने हप्त्याने उषाचं पायमशीन घेतलं आणि खिडकीला पुठ्ठा लावला, 'साडीला फॉल-बिडिंग करून मिळेल'. पहिल्या महिन्यात सहा साड्या आल्या. मग संस्थेच्या वसतिगृहातल्या मुली ब्लाउज आणायला लागल्या. वडील म्हणायचे, हौस आहे, करू दे. ती हौस आमच्या सहलींची वर्गणी भरायची, दिवाळीचे फटाके आणायची. आईने ते त्यांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी हिशेब विचारला नाही.

सगळंच काही असं उपयोगाचं नव्हतं. आठवणींना इस्त्री करून ठेवायची नसेल तर हेही कबूल केलं पाहिजे की आपण पुष्कळ कुरूप वस्तू केल्या. रेडिओला क्रोशाचा रुमाल. टीव्ही आल्यावर टीव्हीला झालरीचा झगा. फ्रीजच्या माथ्यावर एक आणि हँडलला एक. साखळी, खांब, मुका खांब करत आपण घरातली प्रत्येक सपाट जागा झाकून टाकली. प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्यांनी तर सगळं पुणं व्यापलं होतं. लाल-पांढऱ्या, हिरव्या-पिवळ्या. वजन पेलायच्या, पण बसमध्ये शेजारच्याचे पाय ओरबाडायच्या. आणि रुखवत! अंड्याच्या कवचाचे नवरा-नवरी, आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, सात सुपाऱ्यांवर सप्तपदी, थर्मोकोलचं तुळशीवृंदावन. मावशी, आत्या, मैत्रिणी महिनाभर रात्री जागायच्या. लग्नात ते सगळे दोन तास बघायचे. नंतर ते सासरच्या माळ्यावर जाऊन धूळ खायचं. तरी त्या जागरणांत जेवढ्या गप्पा झाल्या तेवढ्या नंतरच्या कुठल्याच भेटीगाठींत झाल्या नाहीत.

शाळेत कार्यानुभवाचा तास होता. राख्या, भेटकार्डं, कामट्यांचा आकाशकंदील. शिवणाची वही वेगळी. तिच्या प्रत्येक पानावर वीतभर कापडाचा तुकडा डकवलेला आणि खाली नाव: धावदोरा, साखळी टाका, गहू टाका, काज. काज करताना माझा हात अजून थरथरतो. रुमालाच्या कडेला भरलेली निळी फुलं तेवढी जमली. ती वही मी शाळा संपल्यावर रद्दीत दिली.

पुढे दिवस पालटले. टेरिकॉट आलं, सिंथेटिक साड्या आल्या. त्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि थरावर थर ठेवला की सरकतात. गोधडी थांबली ती कंटाळ्याने नव्हे, कापड बदलल्यामुळे. तयार शर्ट स्वस्त झाले तेव्हा कॉलर उलटी करणं मागे पडलं. नव्वदच्या दशकात कर्वेनगर-कोथरूडमध्ये गल्लोगल्ली क्लास निघाले. निब पेंटिंग, ग्लास पेंटिंग, मडकी रंगवणं, एम-सीलची म्युरल. महिला मंडळात 'टाकाऊतून टिकाऊ' ही स्पर्धा व्हायला लागली. आई एकदा परीक्षक म्हणून गेली. घरी आल्यावर आजीने विचारलं, "टाकाऊ म्हणजे काय काय होतं गं?" आईने यादी सांगितली: बाटल्या, झाकणं, जुन्या बांगड्या, पुठ्ठे. आजी म्हणाली, "मग त्यात टाकाऊ काय होतं?" तिला ती स्पर्धा शेवटपर्यंत कळली नाही.

आता नवी लाट आहे. माझी भाची फोनवर पाच मिनिटांचा व्हिडिओ बघते आणि जुन्या जीन्सची पिशवी करते. दोऱ्यांच्या गाठी मारून कुंडी टांगते आणि त्याला मॅक्रमे म्हणते. मी तिला सांगितलं, याला आपण शिंकं म्हणायचो, त्यात दही असायचं. कमिन्स कॉलेजच्या मुली आजीच्या साड्या घेऊन आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंकडे येतात. इरकलीचा कुर्ता, खणाचं जाकीट, नारायणपेठचा पदर पाठीवर यायला हवा वगैरे सूचना देतात. फाटलेली कोपरं मुद्दाम वेगळ्या रंगाच्या ठिगळाने शिवतात. आमचं ठिगळ दिसलं तर आईला लाज वाटायची. या मुलींना ते दिसायलाच हवं असतं. मला हे आवडतं. ठिगळाची लाज गेली हे बरंच झालं.

एकच गोष्ट खटकते. व्हिडिओ सुरू होताच सामानाची यादी येते आणि यादीतलं निम्मं विकत आणावं लागतं. शोभेसाठी नवी बटणं, जुनी दिसावीत म्हणून रंगवलेली. गोधडीसाठी नव्या कापडाचे कापून ठेवलेले तुकडे. भाचीने तसा एक डबा मागवला तेव्हा मी तिच्यापुढे आजीचा बटणांचा डबा ठेवला. तासभर ती त्यात बोटं घालून बसली होती. शिंपल्याची बटणं, गणवेशाची पितळी बटणं, वडिलांच्या कॉलर उलट्या केलेल्या शर्टांची पांढरी चार-भोकी बटणं. त्यातली अकरा तिने आपल्या जाकिटाला लावली. एकही दुसऱ्यासारखं नाही.

साडी मात्र मी तिला देऊ शकले नाही. आजी गेली त्या वर्षी आम्ही तिची ट्रंक उघडली. सतरा लुगडी निघाली, सगळी सुती, काही तर न नेसलेली. आम्ही सगळ्या नोकरीवाल्या, जागा दोन खोल्यांची. मी बोहारणीला बोलावलं आणि दहा स्टीलचे डबे घेतले. घासाघीस करून अकरावा वर घेतला आणि त्याचा आनंदही झाला. ते अकरा डबे अजून फळीवर आहेत. त्यांत रवा, पोहे, साबुदाणा आहे. लुगड्यांतलं एकही नाही, आणि आजीची गोधडी म्हणून घरात जी एकुलती एक उरली आहे, तिचा मधला थर बाहेर आला आहे.

आता कर्वेनगरात बोहारीण क्वचित दिसते. सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी जुन्या कपड्यांसाठी पेटी ठेवतं आणि आपण गाठोडं टाकून मोकळे होतो. टाकायला हरकत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर जाईल. पण गाठोडं बांधायच्या आधी एकदा हात फिरवून बघा. सुती असेल आणि मऊ झालं असेल तर ठेवा. घरात आजी असेल तर तिला विचारा, दांड कसा भरतात. आणि फाटलेले, कुणाच्याच अंगावर न जाणारे कपडे असतील, तर त्यांची बटणं काढून घ्या.