जहाजावरची ओसरी

आमचं वांकिडी कुठे आहे, हे इथल्या मराठी मंडळींना नेहमी नकाशावर दाखवावं लागतं. चंद्रपूरहून राजुरामार्गे आसिफाबादकडे निघालात की महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर आमचं गाव येतं. आधी निजामाच्या राज्यात, १९५६ पासून आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात. २०१६ मध्ये जिल्हाही बदलून आसिफाबादचा झाला, पण आमच्या घरात अजून सगळे ‘आदिलाबाद’च म्हणतात. शाळेत तेलुगू, बाजारात तेलुगू-हिंदी-गोंडीची मिसळ आणि घरात मराठी. कापसाचा मुलूख. समुद्र म्हणाल तर कुठल्याही दिशेला निघा, शेकडो किलोमीटर लांब.

अशा गावच्या मुलीने ‘क्रूझवर बाल्कनीची खोली कुठली घ्यावी’ यावर लेख लिहावा, याचं तुम्हाला हसू येईल. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. आम्ही जाऊन आल्यावर मंडळातल्या पाच-सहा जणांनी फोन करून तेच विचारलं. तेव्हा म्हटलं, सगळं एकदाच लिहून टाकू.

आधी कारण सांगते. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच आमच्याकडे सिएटलला आली होती. वय ७२, गुडघे कुरकुरणारे आणि गाडी लागण्याची जुनी खोड. वांकिडीच्या आमच्या घराला रस्त्याकडे तोंड केलेली ओसरी आहे. संध्याकाळी आई-बाबा दोघं तिथे बसायचे. जाणारा-येणारा दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचा नाही. इथे आमच्या घरासमोरून गाड्या जातात, माणूस जात नाही. महिन्याभरात आईचं बोलणं कमी झालं. मग एक दिवस जेवताना म्हणाली, “पोरी, तिकीट बदलून मिळते का पाह्य. मी लवकर जातो म्हणते.”

अलास्काची सात दिवसांची सहल आम्ही तिच्यासाठी ठरवत होतो. समुद्र तिने कधी पाहिलेला नव्हता. पहिल्या रात्रीच तिला बोट लागली असती, तर उरलेले सहा दिवस ती खोलीचं दार लावून पडून राहिली असती आणि पुन्हा अमेरिकेचं नाव काढलं नसतं. त्यामुळे खोली कुठे घ्यायची हा आमच्यासाठी चैनीचा प्रश्न नव्हता.

आतली, बिनखिडकीची खोली बरीच स्वस्त होती. आईने एका वाक्यात ती निकालात काढली: “कोठीत काय कापूस भरून ठेवता का मले?” म्हणजे बाल्कनी ठरली. हैदराबादहून दादाचा फोन आला, “सगळ्यात वरचा मजला घे आणि सगळ्यात पुढची खोली घे. टॉकीजमध्येसुद्धा बाल्कनीचं तिकीट महाग असतं ते उगाच नाही.” दादाचं म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं. वरच्या खोल्यांचे दरही जास्त होते. पण जास्त दर म्हणजे आईसाठी जास्त चांगली खोली, असं काही नव्हतं.

आसिफाबादहून वांकिडीला येणाऱ्या आरटीसीच्या बसमध्ये ज्याला गाडी लागते तो मागच्या सीटवर बसत नाही. दोन्ही चाकांच्या मधली सीट धरतो. जहाजाचंही तसंच आहे. लाटेवर जहाजाचं पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली जातं, लहान मुलांच्या सी-सॉसारखं. टोकाला बसलेला सगळ्यात जास्त उचलला जातो, मधला जवळजवळ जागेवरच असतो. शिवाय जहाज डाव्या-उजव्या कुशीवर झुलतं तेव्हा जितक्या वरच्या मजल्यावर असाल तितका झोका मोठा. म्हणून लांबीच्या मध्याजवळ आणि बाल्कनीच्या खोल्या जिथून सुरू होतात त्या खालच्या मजल्यांपैकी एखादा, हे पहिलं सूत्र. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा मजला म्हणजे बसची मागची सीट, तीही टपावर!

मध्याजवळची खोली घेतली की आणखी एक फायदा होतो. साधारणपणे लिफ्ट जवळ पडते. मोठ्या जहाजाचा पॅसेज किती लांब असतो, हे गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. फक्त लिफ्टच्या अगदी समोरची खोली टाळावी. तिथे रात्री उशिरापर्यंत लोकांच्या गप्पा चालतात.

दुसरं सूत्र आवाजाचं. जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो. आपली खोली बघताना तिच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे तेही बघायचं. वर जेवणाचा हॉल असेल, तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यावर. खाली नाचगाण्याचा क्लब किंवा थिएटर असेल, तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. अगदी पुढच्या खालच्या खोल्यांना नांगराच्या साखळीचा आणि धक्क्याला लागताना चालणाऱ्या यंत्रांचा खडखडाट ऐकू येतो. अगदी मागच्या खोल्यांची बाल्कनी पुष्कळदा मोठी असते, पाण्यात उमटत जाणारी जहाजाची वाट तिथून सुरेख दिसते, पण काही जहाजांवर इंजिनाची थरथर तिथेच जास्त जाणवते. वरही खोल्या आणि खालीही खोल्या असतील तो मजला सर्वांत शांत. नकाशावर ज्या जागेला काहीच नाव दिलेलं नसतं, ती बहुधा नोकरवर्गाच्या कामाची असते. तिच्या शेजारीही जाऊ नये.

तिसरं सूत्र दिसण्याचं. खालच्या काही बाल्कन्यांसमोर किंवा अगदी खाली लाइफबोटी टांगलेल्या असतात. अशी खोली ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणून स्वस्त मिळते. अगदी वरच्या काही बाल्कन्यांवर तलावाच्या मजल्याचं छज्ज्यासारखं पुढे आलेलं छत असतं. उन्हा-पावसात ते बरं, पण आकाश कापलं जातं. मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र कुठल्याच माहितीपत्रकात ठळकपणे नव्हती: कठडा कशाचा आहे? काही बाल्कन्यांना, विशेषतः जहाजाच्या पुढच्या भागात आणि खालच्या मजल्यांवर, काचेऐवजी पत्र्याचा कठडा असतो. उभ्या माणसाला फरक पडत नाही. पण आईसारखी पावणेपाच फुटांची बाई खुर्चीत बसली, तर तिला सात दिवस रंगवलेला पत्राच दिसणार! म्हणून फोन करून खोलीचा नंबर सांगितला आणि कठडा काचेचा असल्याची खात्री करून घेतली. त्याच फोनवर बाल्कनीच्या दाराचा उंबरठा किती उंच आहे तेही विचारलं. साध्या खोल्यांना तो असतो, आणि रात्री अंधारात गुडघे दुखणारं माणूस त्याला अडखळू शकतं. व्हीलचेअर लागणाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या असतात, पण त्या ज्यांना खरोखर लागतात त्यांच्यासाठीच राहू द्याव्यात.

मग डावी बाजू की उजवी? इथे दादा पुन्हा फोनवर आला, कारण त्याने ‘पॉश’ शब्दाची गोष्ट कुठेतरी ऐकली होती. पूर्वी इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटींवर श्रीमंत लोक जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची खोली घेत. ती बाजू उत्तरेकडची, म्हणून उन्हापासून वाचलेली. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांच्या अद्याक्षरांवरून ‘पॉश’ आला, अशी ही कथा. शब्दकोशवाल्यांना तिचा कुठलाही पुरावा सापडलेला नाही, पण उन्हाचा हिशोब बरोबर आहे. बाजू ठरवायची ती अशीच, मार्ग बघून. मुंबईहून गोव्याला बोटीने जाताना कोकणकिनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. परत येताना उलट. व्हँकुव्हरहून अलास्कात वर जाऊन तिथेच उतरणार असाल, तर उजवी बाजू घ्या, किनारा त्या बाजूला राहतो. सिएटलहून निघून सिएटललाच परतणार असाल, तर जाताना जे उजवीकडे तेच येताना डावीकडे. ग्लेशियर बेमध्ये तर जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबून सावकाश गिरकी घेतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दर्शन होतं. त्यामुळे आम्ही बाजूची चिंता सोडून दिली.

‘गॅरंटी’ नावाची एक योजनाही असते. त्यात प्रकार बाल्कनीचाच मिळतो, पण खोली कुठली ते कंपनी ठरवते. पैसे वाचतात. तरुण जोडप्याने जरूर घ्यावी. आम्हाला ती उपयोगाची नव्हती.

शेवटी दोन पर्याय उरले. एक, वरच्या मजल्यावर पुढे, ऐसपैस बाल्कनीची एकच मोठी खोली. दुसरा, खालच्या मजल्यावर मधोमध, लहान बाल्कनीच्या दोन शेजारशेजारच्या खोल्या: एक आईला आणि माझ्या मुलीला, दुसरी आम्हा दोघांना आणि धाकट्याला. मी नकाशा छापून आईसमोर ठेवला आणि फायदे-तोटे सांगायला लागले. तिने चष्मा लावला, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: “माह्या गॅलरीतून तुमची गॅलरी दिसते का?”

दोन बाल्कन्यांच्या मध्ये पडदी असते, नाही दिसत, असं सांगणार तेवढ्यात नवऱ्याने आठवण करून दिली, की कित्येक जहाजांवर ही पडदी उघडता येते. खोली सांभाळणाऱ्या माणसाला सांगितलं की तो किल्लीने कुलूप काढून ती भिंतीला लावून देतो. पुन्हा फोन! आमच्या जहाजावर उघडत होती. तिथेच निर्णय झाला.

जुलैमध्ये निघालो. सिएटलहून निघालेली बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, त्यामुळे पहिली रात्र आणि दुसरा दिवस हीच खरी परीक्षा. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच दिली होती. रात्री कपाटातले हँगर हलत होते. मी दोनदा उठून पॅसेजमधून आईच्या दाराशी जाऊन आले. दुसऱ्या वेळी आतून तिच्या घोरण्याचा आवाज आला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

सकाळी पडदी उघडून दिली. आईने वांकिडीहून आणलेली गोधडी खांद्यावर घेतली, खुर्ची कठड्याशी ओढली आणि बसली. पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “एवढं पाणी आणि पेरायले एक वावर नाही.” तासाभराने पलीकडच्या बाल्कनीतल्या एका आजीने हात हलवला. आईनेही हलवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या दिवसापासून रोज सकाळी हात हलवणं आणि चहाचा कप वर करून दाखवणं चालू झालं.

ग्लेशियर बेमध्ये नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या लोकांनी पाहिलं तेव्हा इथे उपसागर जवळजवळ नव्हताच, तोंडापर्यंत बर्फ होता. तेव्हापासून बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे गेला आहे. मी हे मराठीत सांगत होते तोच समोर बर्फाचा एक कडा सुटला. तो पाण्यात पडलेला आधी दिसला आणि गडगडाट नंतर पोचला. मुलं चकित झाली. आईने समजावलं, “ईज पहिले दिसते, गडगड मंग ऐकू येते. तसंच.” माझी मुलगी आजीच्या गोधडीत शिरली आणि वांकिडीच्या पावसाबद्दल विचारत बसली. आई दीड तास बोलत होती. बाबांबद्दलही बोलली, ते गेल्यानंतर पहिल्यांदाच एवढं.

परत आल्यावर तिकीट बदलायचा विषय निघाला नाही. आई ठरल्या दिवशीच गेली.

तेव्हा मंडळी, मला फोन करणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं: मध्याजवळ, फार वर नाही, वर-खाली खोल्याच असतील असा मजला, काचेचा कठडा, समोर लाइफबोट नाही, लिफ्ट जवळ पण समोर नाही, आणि बाजू मार्ग बघून. कुटुंब मोठं असेल तर एका मोठ्या बाल्कनीपेक्षा पडदी उघडणाऱ्या दोन लहान बऱ्या. पण नकाशा उघडण्याआधी त्या खुर्चीत जास्त वेळ कोण बसणार आहे ते ठरवा, आणि खोली त्या माणसाला विचारून घ्या.

परवा आईचा फोन आला होता. पुढच्या वर्षी दादाला घेऊन येते म्हणाली. त्याला मात्र सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची खोली द्यायची, असं तिने बजावून सांगितलं आहे.