चौथऱ्यावरचं घर

बायकांच्या डब्यात दाराजवळ जागा मिळाली, की डोंबिवली मागे पडायच्या आत मी राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी पोहोचलेली असते. तिथे आजोबांच्या घराचा नुसता चौथरा उरलाय. त्यावर मी मनातल्या मनात चिऱ्यांचं घर बांधते. बसायला मोठी पडवी, माजघरात उजेड यावा म्हणून कौलांत एक काच, मागीलदारी विहीर. दादर येईपर्यंत त्या पडवीत माझा चहाही पिऊन होतो. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय. सासूबाई म्हणायच्या, ‘मनातले मांडे खाऊन पोट भरत नाही गं.’ पोट भरत नसेल, पण दिवस निभावतो, हे मी अनुभवाने सांगते.

हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्या उलट बोलतो. त्यांनी सुमारे २२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. आणि गोड विचारांत रमलेली माणसंही कामात लक्ष असलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती. असेल. पण ज्या डब्यात हात वर करायला जागा नाही, तिथे संध्याकाळी मन बाहेर पडतं म्हणून घरी पोहोचल्यावर मी मुलीशी धड बोलू शकते. हा हिशेब मला सोडवत नाही.

शिवाय रिकामं बसलेलं मन खरंच रिकामं नसतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा तो सुमारे २० टक्के वापरतो. एखाद्या कामात लक्ष घातलं तर हा खर्च थोडासाच वाढतो. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की मेंदूचे काही भाग आपण स्वस्थ असतानाच अधिक जागे असतात. आठवणी, उद्याचे बेत, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज, हे सगळं तिथेच चालतं.

मला खरं हलवलं ते मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या कामाने. वजन कमी करण्याच्या एका उपक्रमातल्या स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास १९९१ सालचा. ज्या स्त्रिया स्वतःला आधीच बारीक झालेली पाहत होत्या, त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरलं. यश मिळेल असा विश्वास असणं वेगळं; त्याचा मात्र उपयोग झाला. स्वप्नातच पोहोचलं, की चालायची निकड उरत नाही. त्यांचा उपाय असा: हवं ते डोळ्यांपुढे आणा आणि लगेच आड येणारी गोष्टही तिथेच उभी करा.

माझ्या घरात आड येणारं काहीच नव्हतं. पाऊस नव्हता, वाळवी नव्हती, माकडं नव्हती. सातबाऱ्यावरची सगळी नावं तर मी कधी मनात येऊच दिली नव्हती. मग मी एकेक आत घेतलं. मे महिन्यात विहीर आटली. काचेच्या कडेने माजघरात गळायला लागलं. पुण्याच्या चुलतबहिणीने वाटा मागितला, आणि तो तिचा आहेच. घर लहान होत गेलं: दोन खोल्या, पडवी, वर पत्रा. गंमत म्हणजे त्या घरात मी जास्त रमले, कारण तिथे मला करायला काम होतं.

गावातल्या चुलतभावाला फोन केला. त्याला वाटलं, जमीन विकायची आहे. नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बाय, मग भर पावसात ये. मे महिन्यात येऊन काय कळणार तुला?’

जुलैत जायचं ठरलंय. चौथऱ्यात पाणी कुठल्या बाजूने शिरतं ते आधी बघायचं, तलाठ्याकडून फेरफार काढायचे, आणि मग सगळ्या चुलत भावंडांना एकदा एकत्र बसवायचं. पुण्याच्या बहिणीशी मी स्वतः बोलणार आहे.